काहिलीवरची वाफ

होळी मागे पडते, वार्षिक परीक्षांची वेळापत्रके फलकावर लागतात, आणि त्याच सुमारास सांगलीच्या हवेत हळद उतरू लागते. मार्केट यार्डाच्या रस्त्याने सकाळची फेरी मारून आलो की पांढऱ्या सदऱ्याच्या कॉलरला एक पुसट पिवळी कड आलेली असते. पत्नी सदरा उजेडात धरते आणि म्हणते, "आला वाटतं हंगाम." मी मान हलवतो. गेली तीस वर्षे मी या शहरातल्या एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो आहे, पण हा हंगाम मला कधीही निव्वळ परीक्षांचा वाटलेला नाही.

यार्डातला वास वाळलेल्या हळदीचा. तो कोरडा, शहाणा, पोत्यात नीट बसणारा वास आहे. माझ्या मनात जो वास राहिला आहे तो त्याच्या आधीचा, शिजणाऱ्या हळदीचा. ओल्या मातीचा, पाल्याचा, आंब्याच्या मोडलेल्या डहाळीचा आणि किंचित कापराचा. तो नाकातून आत जात नाही, अंगावरून चढतो. त्या दिवसांत गावात शिरणाऱ्या माणसाला कोणाच्या मळ्यात काहील चढली आहे ते विचारावे लागत नसे.

कोरेगाव तालुक्यात, कृष्णेच्या काठाला आमचे गाव. मळ्यात चर खणून चुलवण करत आणि त्यावर काहील चढवत. एखादा माणूस आडवा झोपावा एवढी रुंद लोखंडी कढई. तळाला पाणी, पाण्यात आणि पाण्याच्याही वर हळदीच्या ओल्या गड्ड्यांची रास. ही रास काठाच्या वर टेकडीसारखी आलेली असे. तिच्यावर हळदीचाच पाला, पाल्यावर भिजवलेली पोती, आणि पोत्यांच्या कडांना चिखलाचा लेप. चुलवणाच्या तोंडाशी उकिडवे बसलेले असत मारुतीतात्या. गावात हळद पिकवणारे पुष्कळ होते, शिजवणारे ते एकटे. त्यांच्या मनगटावर घड्याळ नव्हते. त्यांचे सगळे गणित नाकात होते.

"पयली वाफ मातीची," ते सांगत. "ती सोडून द्याची. दुसरी पाल्याची. ती बी सोडून द्याची. तिसरी हळदीची. ती आली की मग बाभळीच्या सावलीवर येळ मोजाया लागायचं."

पाण्याविषयी मी जे काही शिकलो त्याचा पहिला धडा या चुलवणाशी झाला. काहिलीचा कोरडा काठ तापून निळसर झाला की तात्या त्यावर पाण्याचे शिंतोडे मारत. थेंब क्षणात जळून जावा अशी आपली समजूत. पण तो जळत नसे. गोळी होऊन तो थरथरत, घरंगळत, काठाच्या वळणाने पळत सुटे. मी विचारले होते, "तात्या, हा मरत का नाही?"

"मरंल कसा? त्यो आपल्याच वाफंवर बसलाय. बूड कुठं टेकतंय त्येचं!"

पुढे एम.एस्सी.च्या ग्रंथात हाच थेंब एका परदेशी नावासह भेटला. खाली आकृती होती, समीकरण होते. मी ते सारे वहीत उतरवून घेतले, आणि समासात न राहवून लिहिले, 'बूड टेकत नाही.'

पाण्याचे असे कितीतरी हट्ट आहेत. मार्चमधल्या पहाटे कृष्णेत उतरावे तर पाणी कोमट लागते, आणि दुपारी काठावरचा दगड पायाला चटका देत असताना तेच पाणी गार. लोखंड, दगड, वाळू ही सारी उन्हाच्या हाकेला लगेच ओ देतात. पाणी उशिरा तापते आणि उशिराच निवते. तासगावकडचे बागायतदार कडाक्याच्या थंडीत द्राक्षबागेला पाणी सोडतात ते उगाच नव्हे. भिजलेली जमीन दिवसाची ऊब पहाटेपर्यंत धरून ठेवते. आणि सर्वांत मोठा हट्ट उकळीचा. पाणी एकदा उकळू लागले की खाली जाळ कितीही वाढवा, ते त्याहून तापत नाही. वर्गात मी दरवर्षी चंचुपात्र ठेवतो, तापमापक सोडतो, आणि मुलांना पारा पाहत बसायला सांगतो. पारा चढत जातो, उकळी फुटते, आणि पारा थांबतो. मागच्या बाकावरून कोणीतरी हमखास विचारते, "मग सर, एवढी उष्णता जाते कुठं?"

त्या प्रश्नाचे उत्तर मला येते. तीस वर्षे मी ते नीट, सूत्रासह देत आलो आहे. उदाहरण मात्र दरवर्षी इडलीपात्राचे देतो. हळदीचे कधीच दिले नाही.

यंदाच्या फाल्गुनात पुतण्या सागर सांगलीला आला होता. घराच्या वायरिंगचे काम अर्धवट टाकून गेलेल्या कारागिराविषयी तो चहा पिता पिता बोलत होता. "काका, काय सांगू, नुसती मारुतीची हळद करून ठेवलीय." पत्नी हसली. गावाकडे हा शब्दप्रयोग सर्रास आहे. भाकरी कच्ची राहिली, भिंतीचा गिलावा सुटला, पोराचा अभ्यास अपुरा राहिला, की म्हणतात, मारुतीची हळद.

मी विचारले, "कोण हा मारुती, ठाऊक आहे का तुला?"

"असंल कोनीतरी जुना," सागर म्हणाला.

तात्या जिवंत आहेत. सागरच्या घरापासून चार घरे सोडून राहतात, आणि त्याच्या वयाची पोरे त्यांना नुसते 'तात्या' म्हणून ओळखतात. रोज त्यांच्या अंगणावरून जाणाऱ्या या मुलाला हे ठाऊक नव्हते की ज्याचे नाव तो अर्धवटपणासाठी वापरतो तो माणूस हाच. आणि हेही ठाऊक नव्हते की ते नाव त्या जागी चिकटवणारा माणूस समोर बसून चहा पितो आहे.

तेव्हा मी साताऱ्याला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. परीक्षेआधीच्या सुट्टीत पुस्तके घेऊन घरी आलो होतो, आणि प्रयोगशाळेतून मागून आणलेला एक तापमापकही. माझे वडील, दादा, फौजेतून सुभेदार होऊन परतलेले. त्यांचा शब्द घरात परेडवरच्या हुकमासारखा पडे. साऱ्या गावात त्यांच्याशी 'अरे-तुरे'ने बोलणारे एकटे मारुतीतात्या होते. रोज दिवेलागणीला ते आमच्या सोप्यात येत, भिंतीला टेकून बसत, आणि दोघे मिळून एक बिडी बराच वेळ ओढत.

त्या वर्षी आमची काहील चढली आणि तात्यांना ताप भरला. तरी ते सकाळी येऊन काहील लावून देत. दुपारी मात्र अंग टाकायला घरी जाणे भाग होते. जाताना मला सांगत, "इलास, तिसरी वाफ आली की आच सोडू नगं. झोपलास तर झोप, पर आच सोडू नगं."

मी झोपलो नाही. झोपलो असतो तर बरे झाले असते. मी तापमापक दोरीला बांधून काठाच्या फटीतून पाण्यात सोडला. भडकत्या जाळावर आकडा पाहिला, मग निम्मी लाकडे बाहेर ओढून पाहिला. आकडा तोच. मला जो आनंद झाला तो आजही अंगावर काटा आणतो. पुस्तक खरे होते, आणि तात्या इतकी वर्षे गावाचे सरपण व्यर्थ जाळत होते! तीन दुपारी मी निम्म्या आचेवर काहील ठेवली, आणि तात्या यायच्या सुमारास लाकडे परत आत सारली. हे मी त्यांना का सांगितले नाही? हळद उत्तम निघाल्यावर सगळ्यांसमोर सांगायचे होते. मला टाळ्या हव्या होत्या.

तात्या आले की विचारत, "आच तशीच हुती न्हवं?"

"हो," मी म्हणे.

झाकण मधून उघडले तर वाफ जाते, म्हणून ते कडेनेच काडी टोचून पाहत. कडेची हळद शिजलेली असे. तापाने त्यांचे नाकही बंद होते. त्यांनी माझ्या शब्दावर काहील उतरवली.

हळद अंगणात वाळत पडली आणि मी परीक्षेला गेलो. पदार्थविज्ञानाच्या प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न होता: उकळत्या पाण्यापेक्षा वाफेने अधिक भाजते, कारण द्या. मी झरझर लिहू लागलो. उकळते पाणी जी उष्णता घेते पण दाखवत नाही, ती वाफ आपल्यात लपवून नेते. गार वस्तूला शिवताच वाफेचे पुन्हा पाणी होते आणि ती लपलेली उष्णता वाफ तिथे सोडून देते... आणि माझा हात थांबला. काहिलीत पाण्याच्या वर टेकडीएवढी हळद होती. ती पाण्याने शिजतच नव्हती. ती वाफेने शिजत होती. मोठी आच पाणी अधिक तापवत नव्हती, पण वाफ करत होती, आणि ती वाफ थराथरातून चढत वरच्या गड्ड्याला आपली ऊब देऊन येत होती. मी पाण्याचे तापमान मोजले होते. तात्या वाफ मोजत होते.

मी उत्तर पूर्ण केले. त्या प्रश्नाला मला पूर्ण गुण मिळाले असावेत.

त्या दिवशीही वेळ गेली नव्हती. घरी जाऊन दादांना सांगता आले असते, निदान माल सांगलीला जाण्याआधी. मी सांगितले नाही. पंधरवड्याने अडत दुकानात एका माणसाने आमचे हळकुंड दोन बोटांत धरून मोडले. चांगले हळकुंड मोडते तेव्हा खणकन आवाज येतो आणि आत एकसारखा केशरी रंग दिसतो. आमचे नुसतेच तुटले. मध्यभागी पिठासारखा पांढुरका गाभा होता. दादा परत आले ते थेट पारावर गेले. तिथे बसलेल्या सगळ्यांसमोर ते तात्यांना एवढेच म्हणाले, "मारुती, तुझा हात गेला गड्या." त्यांच्या आवाजात राग नव्हता, दुःख होते, म्हणून ते अधिक लागले असावे. मी पाराच्या मागे उभा होतो, आणि उभाच राहिलो.

तात्यांनी पुन्हा कोणाची काहील लावली नाही. कोणी बोलावलेही नाही. काही वर्षे ते फलटणकडे एका साखर कारखान्यात उसाच्या मोळ्या टाकायच्या कामावर होते. आमच्या घराची पायरी मात्र त्यांनी पुन्हा चढली नाही. दादा दिवेलागणीला सोप्यात एकटेच बसत. बिडी अर्धी ओढून विझवत, आणि उरलेली अर्धी कोनाड्यात ठेवत. दादा गेले तेव्हा नदीकाठी तात्या आले होते, पण लोकांच्या मागे, करंजाच्या झाडाखाली उभे होते.

सागर परत गेला आणि पुढच्या रविवारी मी गावी गेलो.

आता काहिली राहिल्या नाहीत. गावाच्या सार्वजनिक खळ्यावर हळद शिजवायचा कुकर उभा असतो: एक बॉयलर, त्याला नळीने जोडलेले चार उभे ड्रम. ड्रममध्ये पाणी नसतेच. नुसती वाफ सोडतात आणि वीस-पंचवीस मिनिटांत हळद शिजून निघते. तात्यांना जे नाकाने कळत होते ते आता पत्र्यात आणि नळ्यांत बसवले आहे. कुकर चालवते तात्यांची लेक शालन. ती माझ्याच वयाची. पदर खोचलेला, हातात पाना, आणि जिभेला बापापेक्षा अधिक धार.

"काय इलासदादा," ती लांबूनच ओरडली, "सांगलीत हळद मिळंना व्हय, इकडं आला?"

"तुझा कुकर पाहायला आलो."

"बघा की. तुमच्या पुस्तकात हाय त्येच हाय हितं. फकस्त आमचं चालतंय."

ड्रमच्या तळातून कढत पाणी ठिबकत होते, गड्ड्यांना ऊब देऊन पुन्हा पाणी झालेली वाफ. हे पाणी वाया न घालवता बॉयलरला परत पाजले तर सरपण वाचेल, असे माझ्या ओठांवर आले. मग दिसले की ठिबकणाऱ्या पाण्याखाली तिने आधीच बादली लावली होती आणि भरलेली बादली बॉयलरच्या टाकीत ओतत होती. मी तोंड मिटले.

तात्या चिंचेखाली बाजेवर बसले होते. ऐंशीच्या घरातले, एका डोळ्यात मोतीबिंदू उतरलेला. मी खाली जमिनीवर बसलो.

"सुभेदाराचा इलास न्हवं?" ते म्हणाले. "बस. त्या गोनपाटावर बस, पँट खराब हुईल."

मी जे बोललो ते मी अनेक वर्षे मनात रचत आलो होतो. प्रत्यक्षात रचलेले काहीच उपयोगी पडले नाही. "तात्या, त्या साली तुम्हाला ताप होता. दुपारची आच मी राखत होतो."

"व्हय."

"मी राखली नाही. निम्मी लाकडं बाहेर ओढत होतो. तुम्ही यायच्या आधी परत आत सारत होतो."

ड्रममधून वाफेची शीळ चालू होती. तात्यांनी हातातली काठी बाजेला टेकवून ठेवली. मग म्हणाले, "किती दिस?"

"तीन."

"तिनी दिस?"

"तिन्ही दिवस."

"मी म्हनत हुतो माजं नाक गेलं," ते सावकाश म्हणाले. "तापात नाक गेलं म्हनलो. त्येच्यानंतर मला माज्या नाकाचा भरवसाच वाटंना. घरात आमटी करपली तरी म्हातारीला सांगाया भ्यायचो. म्हनायचो, आपल्याला चुकीचा वास येत आसंल."

मी त्यांची रोजी बुडवली, नाव घालवले, मैत्री तोडली, एवढा हिशोब मी स्वतःशी मांडून ठेवला होता. आमटी त्यात नव्हती. एखाद्या माणसाचा स्वतःच्या नाकावरचा विश्वास काढून घेणे म्हणजे काय, हे मला त्या क्षणी कळले.

शालन पाना हातात घेऊन मागे येऊन उभी होती. तिने सगळे ऐकले होते. "आन तवा तोंड शिवलं हुतं व्हय तुमचं?"

"दादांना भ्यालो."

"दादा जाऊन बारा वर्सं झाली. त्येच्या म्होरं कुनाला भ्याला?"

उष्णता लपवणारे पाणी निदान वाफ होऊन कोणाच्या तरी उपयोगी पडते. माझे लपवणे माझ्यापाशीच साचून राहिले, आणि त्याने काहीच शिजले नाही.

"शालन," तात्या म्हणाले, "वाफ सोड."

"आवं तात्या, आजून धा मिंटं हायती ह्या घानीला."

"हुंदे. सोड म्हनतो न्हवं."

तिने चकती फिरवली. पांढरा लोट चिंचेच्या शेंड्यापर्यंत गेला आणि शीळ थांबली. खळ्यावर एकाएकी शांतता झाली. गड्डे निवडणाऱ्या बायांनी माना वर केल्या. ट्रॉलीपाशी उभे असलेले शेतकरी आणि त्यांच्यातच असलेला सागर वळून पाहू लागले.

"आता ह्यास्नी सांग," तात्या म्हणाले. "पारावर सगळ्याम्होरं झालं हुतं त्ये. मला एकट्याला सांगून काय उपेग?"

मी उठून उभा राहिलो. बायांकडे आणि ट्रॉलीकडे तोंड केले. मी सांगितले. तापमापक, लाकडे, तीन दुपारी, 'हो' म्हटलेले, परीक्षेतला प्रश्न, पाराच्या मागे उभे राहणे. काही वगळले नाही.

ट्रॉलीच्या फळीवर बसलेले एक म्हातारे शेतकरी मोठ्याने म्हणाले, "म्हंजी इतकी वर्सं आमी मारुतीला फुकटच बोललो म्हना की!" बायांपैकी एक फिस्सकन हसली. "मास्तर," दुसरी म्हणाली, "तुमची डिगरी द्या तात्यास्नी. तुमाला काय उपेगाची न्हाई ती." त्यावर मात्र सगळे हसले. सागर हसला नाही. तो तात्यांकडे पाहत होता, जणू रोजच्या वाटेवरचे अंगण आज पहिल्यांदा दिसत होते.

शालनने वाफ पुन्हा सुरू केली. "घानी अर्दी ऱ्हायली माजी," ती पुटपुटली, पण पाना तिने बऱ्याच हलक्या हाताने फिरवला.

तात्यांनी मला बाजेवर शेजारी बसवले. "दादाला कळलं आसतं तर काय केलं आसतं त्येनं?"

"मला मारलं असतं."

"त्ये तर झालंच. त्येच्या म्होरं?"

मी विचार केला. सोप्यात एकटे बसलेले दादा माझ्यासमोर आले. "तुम्हाला घरी बोलवायला मलाच पाठवलं असतं."

तात्यांनी काठी चाचपली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून उठले. "मंग पाठीवलंय आसंच समज की. चल."

खळ्यापासून आमचे जुने घर, जिथे आता माझा भाऊ, भावजय आणि सागर राहतात, फार तर दोनशे पावले. ती चालायला आम्हाला बराच वेळ लागला. वाटेत ते थांबत, दम घेत, आणि कोणाच्या शेतात कोणते पीक आहे ते मला विचारत. मी सांगितलेले त्यांना पटत नसे. ते नाक वर करून हुंगत आणि मला दुरुस्त करत. बहुतेक वेळा त्यांचेच बरोबर निघत होते.

घराशी आल्यावर मी हात धरून त्यांना पायरीपर्यंत नेले. ते तिथे थांबले. आत भांड्यांचा आवाज येत होता, भावजय स्वयंपाकात होती, भाऊ नुकताच मळ्यातून आला असावा.

"असा न्हाई येनार," तात्या म्हणाले. टोपी काढून त्यांनी हाताने केस सारखे केले आणि पुन्हा घातली. "आदी आत जाऊन सांग, कोन आलंय त्ये."

मी आत गेलो. भाऊ आणि भावजय दोघांनी माझ्याकडे पाहिले. माझा चेहरा पाहून भावजयीने हातातले भांडे खाली ठेवले.

"पाट मांडा," मी म्हणालो. "हळद शिजवणारे मारुतीतात्या आलेत."